पुढच्या वाड्याला हाळी

कातरी बाहेर निघाल्या आहेत. माझा मुलगा नामदेव सकाळपासून त्यांना दगडावर धार लावतो आहे आणि तो आवाज माझ्या दातांत शिरतो. दरवर्षी शिरतो. पण यंदा तो ऐकवला नाही, म्हणून मी बाज सोडून इकडे बाभळीखाली येऊन बसले. इथंही येतोच. आवाजाला कुंपण नसतं.

चैत्रात येलदरीच्या धरणाचं पाणी मागे सरकतं. पावसाळ्यात जिथं नजर पोचेल तिथवर पाणी असतं, तिथं आता भेगाळलेला गाळ आणि गाळावर बारीक हिरवं उगवलेलं. आम्ही धनगर माणसं त्या हिरव्याच्या मागं इथं येतो. ज्वारी निघालेली असते, रानं मोकळी असतात, शेतकरीही बोलावतात, चार दिवस मेंढरं आमच्या रानात बसवा, लेंडीखत पडू द्या म्हणून. दिवसभर चारायचं आणि सांजेला जाळीचं कुंपण उभं करून जनावर आत घ्यायचं. या जाळीला आम्ही वाघूर म्हणतो, आणि वाघूर जिथं उभी राहिली तो आमचा वाडा. चिरेबंदी वाडे दुसऱ्यांचे. आमचा वाडा खांद्यावर टाकून नेता येतो.

कातरणीच्या आधी मेंढरं धुतात. एकेकाला धरून पाण्यात ढकलायचं, पाठ चोळायची, सोडायचं. पाणी काळं होतं. ओल्या लोकरीचा वास ज्यानं एकदा घेतला त्याच्या नाकातून तो जात नाही. चांगला वास नाही तो. काही लोक आता गावाकडच्या वासाचं कौतुक लिहितात, त्यांनी मेंढरं धुतलेली नसतात.

माझ्या लहानपणी या लोकरीला मान होता. घोंगड्या विणणारे दारात येऊन बसायचे. आता फुकट कोणी नेत नाही. कातरलेली लोकर आम्ही बांधाला टाकतो, वाऱ्यानं ती उडून बाभळींच्या काट्यांना अडकते, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं झाडाला कापूस लागला. मग कातरता कशाला, असं लोक विचारतात. न कातरून कसं चालेल? वैशाखाच्या उन्हात जनावर आपल्याच लोकरीत शिजून मरतं.

कातरणी एका घरची नसते. आज आमच्या वाड्यावर सगळे येतात, उद्या आम्ही सगळे त्यांच्या वाड्यावर. मजुरी नाही, जेवण असतं. गडी मेंढराचे पाय बांधून कातर चालवतात, बाया पाय धरतात, काळी लोकर वेगळी आणि पांढरी वेगळी करतात, आणि तोंडं चालूच असतात. वर्षभरात कुणाचं कुणाशी वाजलं, कुणाची सून माहेरी गेली, सगळं त्या दोन-चार दिवसांत निघतं. गेल्या चैत्रातही असंच होतं. गेल्या चैत्राबद्दलच लिहायचं आहे मला, पण त्याच्या आधी एका परक्या देशाबद्दल लिहावं लागेल. माझा इलाज नाही.

मी चौथीपर्यंत शाळेत गेले. भूगोलाच्या पुस्तकात त्या देशाचा नकाशा होता की नव्हता, आठवत नाही. त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव घेतलं की माणसं लगेच बाजू घ्यायला लागतात, कोण खरा, कोण खोटा, कोणी आधी हात उचलला. मला त्या भांडणात पडायचं नाही. आमचं एक माणूस त्यात पडलं, तेवढं पुष्कळ झालं.

त्या देशाचा एक अध्यक्ष आहे. त्यानं शेजारच्या देशाशी युद्ध काढलं. मी त्याला गोविंदाच्या फोनवर पाहायची. गोविंद म्हणजे कोंडाबाईचा मुलगा, आणि कोंडाबाई म्हणजे माझ्या पुतण्याची बायको. त्यांचा वाडा आमच्या वाड्याला लागूनच असतो. तीन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट, बाहेर भुरभुर चालू असायची, आम्ही सगळे पालाखाली बसलेले, आणि गोविंद फोन मधे धरून बातम्या लावायचा. खाली मराठीत अक्षरं यायची, ती तो वाचून दाखवायचा. अध्यक्ष उंच पाठीच्या खुर्चीत बसलेला, समोर फुलं, आणि चेहऱ्यावरची माशी हलणार नाही असा.

नामदेवला तो फार आवडायचा.

‘असा मानूस पायजे. कुनाच्या बापाला भीत न्हाई.’

‘तू त्याचा कोन लागतोस रे?’ मी विचारलं.

‘माय, तुला न्हाई कळत त्यातलं.’

‘न्हाई कळत. पन लढाई करायला ह्यो गेलाय कुटं? मला तर रोज खुर्चीतच दिसायलाय.’

कोंडाबाई हसून म्हणाली, ‘मोठीमाय, खुर्ची राखायला बी मानूस लागतंय की!’

कोंडाबाईचं तोंड असं. तिच्या बोलण्यात कधी कधी तिला न कळता खरं निघतं.

मी त्या अध्यक्षाचं बोलणं नीट ऐकायची. भाषा कळत नसली तरी गोविंद सांगेल ते लक्षात ठेवायची. एकदा तो म्हणाला, ते आमच्यावर चालून येणार होते म्हणून आम्ही आधी गेलो. पुढच्या खेपेला म्हणाला, तिकडं आमचीच माणसं आहेत, त्यांना सोडवायचं आहे. नंतर म्हणाला, हे युद्धच नव्हे. ज्याला भांडणाचं कारण दर खेपेला नवं सांगावं लागतं त्याचं एकही कारण खरं नसतं. हे बांधाच्या भांडणातही कळतं, त्याला शाळा लागत नाही. किती माणसं मेली, हे मात्र तो एकदाही बोलला नाही.

त्याचे लोक आधी झेंडे घेऊन नाचले होते. तेही गोविंदानं दाखवलं होतं. मग झेंडे कमी झाले. मग दुकानांपुढच्या रांगा दिसू लागल्या, आणि थंडीच्या दिवसांत एकदा बाया दिसल्या. बर्फात उभ्या. डोक्याला रुमाल बांधलेले, छातीशी तसबिरी धरलेल्या. लेकांच्या, नवऱ्यांच्या. ओरडत नव्हत्या, काही मागत नव्हत्या, नुसत्या उभ्या होत्या. शिपाई त्यांना दंडाला धरून गाडीत बसवायचे. दुसऱ्या दिवशी परत तितक्याच बाया.

माझी सून मुक्ता तेव्हा ज्वारीतले खडे काढत बसलेली असायची. मुक्ता माझ्या सख्ख्या भावाची लेक. आमच्यात भावाची मुलगी सून करून आणतात, म्हणून ती मला आत्या म्हणते, आणि मी तिला सासू म्हणून कधी धड वागवू शकले नाही. त्या बाया आल्या की तिचा सुपातला हात थांबायचा.

‘आत्या, ह्या बी आपल्यावानीच डोस्क्यावर पदर घेत्यात की.’

‘थंडी लय हाय तितं. म्हनून घेतला असंल.’

‘व्हावं बया त्यांच्या मनासारकं,’ ती म्हणायची. ‘यावीत लेकरं घरला.’

ती रोज असं म्हणायची. मी ते विसरू शकत नाही.

झालंही त्यांच्या मनासारखं. पुढच्या पावसाळ्यात अध्यक्षानं त्यातल्या निवडक बायांना बोलावून घेतलं. लांब टेबलाशी बसवलं, चहा पाजला, तुमचं दुःख ते माझं दुःख म्हणाला. आणि सांगितलं की इथून पुढं कुणाच्या घरातून पोरगा जबरदस्तीनं नेणार नाही. आता जो स्वतःच्या मर्जीनं येईल तोच लढायला जाईल. बाया घरी गेल्या. रस्ते मोकळे झाले. दुकानं, बाजार, सगळं परत चालू झालेलं दाखवलं. युद्ध मात्र थांबलं नव्हतं, ते चालूच होतं. लोकांना ते नको होतं, पण ते आता त्यांच्या घरातून जात नव्हतं, म्हणून ते गप्प झाले.

‘बगा, दिलदार हाय गडी,’ नामदेव म्हणाला.

मर्जीनं येणारी माणसं तो कुठून आणणार आहे, हे त्याच्या देशात कुणी विचारलं की नाही, मला माहीत नाही. आमच्या पालाखाली तर कुणीच विचारलं नाही. भादवा होता, मेंढरांना खुरांचा रोग लागला होता, आम्हाला वेगळीच काळजी होती.

दिवाळी झाली आणि जिंतूरला एक माणूस आला. परदेशात राखणीचं काम आहे म्हणाला. कारखान्याची, गोदामाची राखण. राहायला खोली, खायला दोन वेळ.

सुदाम माझा नातू, नामदेव-मुक्ताचा मुलगा, दोन बहिणींच्या पाठचा. वय लग्नाचं. पण मेंढरामागं फिरणाऱ्याला आता पोरगी देत नाहीत. त्या वर्षात एक सोयरीक आली होती. मुलगा काय करतो म्हणून विचारलं. मेंढरं राखतो म्हटल्यावर पाहुण्यांनी बशीतला चहा तसाच ठेवला. सुदाम त्या दिवसापासून बदलला. रागावला नाही, फक्त घरात कमी बोलायला लागला. राखणीचं काम आहे हे कळल्यावर तो म्हणाला, ‘राखनच करायची तर जिथं इज्जत हाय तिथं करू.’

आता आमची चूक लिहिते. चूक आमची, म्हणजे आमच्या धंद्याची. दुसऱ्या कुणी केली नसती. तो माणूस विचारायचा, तुला काय काय येतं? तर नामदेवनं पोराला पढवलं, ‘लाजू नको. समदं सांग त्याला. थंडीत उघड्यावर निजता येतंय म्हनून सांग. दोन दोन दिस उपाशी चालता येतंय. अंधारात दिसतंय, लांबचं ऐकू येतंय, जनावराला भीत न्हाई.’ राखण म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढं हीच राखण. आम्हाला वाटलं, जितकं जास्त सांगू तितकं काम पक्कं. सुदामनं सगळं सांगितलं. तो माणूस फार खूश झाला, पाठीवर थाप मारली. नामदेव घरी येऊन तीन-तीनदा सांगत होता, कशी थाप मारली ते.

सुदाम तिकडं गेला. सुरुवातीला फोन यायचे. ‘आज्जी, हितं समदे मला मानायलेत. थंडीत बाहीर निजायचं म्हणलं की मीच पुढं.’ मागं कुणाकुणाच्या हसण्याचा आवाज. मग एकदा म्हणाला, ‘राखनच हाय, पन बंदूक दिलीय.’ मी विचारलं, ‘कशाची राखन?’ तो म्हणाला, ‘एका खड्ड्याची.’ हसला. मग फोन यायचे बंद झाले.

हुरड्याच्या दिवसांत एका परक्या पोराचा फोन आला. सुदामबरोबर नेलेला होता, दुसऱ्या राज्यातला. हिंदीत बोलत होता आणि घाईत होता. नामदेवनं आवाज मोठा करून मधे धरला, म्हणून आम्ही तिघांनी ऐकलं. ‘चाचा, वो आगे गया था, लौटा नहीं। उसका सामान मेरे पास पड़ा है।’ एवढंच. त्या नंबरावर परत लावला तर लागला नाही.

नामदेव खाली बसला. मुक्ता म्हणाली, ‘सामान हाय न्हवं? मग न्यायला यील की.’

तिनं हे मनापासून म्हटलं. दुसऱ्या दिवशी ती पोखर्णीला नृसिंहाच्या पाया पडून आली, आणि त्यानंतर जो विचारेल त्याला सांगू लागली, ‘बरा हाय. फोन बिघडलाय त्याचा.’ शेतकऱ्यांना सांगायची, बाजारात सांगायची, कोंडाबाईला तर रोज सांगायची. नामदेव मान खाली घालायचा. मी गप्प राहिले. बोलून काय करायचं होतं? माझ्याकडे तरी काय खरं होतं?

नामदेव आणि मी परभणीला कचेरीत जाऊन आलो. तिथल्या माणसानं आम्हाला बसायला सांगितलं, तेवढं बरं वागला. तपास चालू आहे म्हणाला. तिकडचं उत्तर आलं आहे की आमच्या फौजेत परक्यांना जोरानं घेतलेलं नाही, जे आले ते मर्जीनं आले. मी म्हटलं, पण आम्हीच का? एवढ्या लांबून? तो म्हणाला, ‘मावशी, तिकडच्या बाया रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांची पोरं नेता येईनात, म्हणून आता बाहेरून माणसं भरायलेत. तुमचा एकटा न्हाई, लय जण हायत.’

परतीच्या गाडीत नामदेव माझ्या पुढच्या बाकावर बसला. खिडकीतून बाहेर बघत होता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण त्याची मान पाहून आला नाही.

घरी येऊन मी मुक्ताला जसंच्या तसं सांगितलं. मला आडून बोलता येत नाही. म्हटलं, त्या बाया उभ्या राहिल्या, त्यांची लेकरं वाचली, आणि त्यांच्या जागी आपलं गेलं. मला वाटलं, शिव्या देईल. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली.

‘त्येंनी त्येंचं लेकरू वाचिवलं,’ ती म्हणाली. ‘मी बी तेच केलं आस्तं. त्येंना काय ठाव, कुनाकडं वळंल ते.’

कुणाकडं वळेल. हा आमचा शब्द आहे, लांडग्याचा. धरणाच्या या माळावर अजून लांडगे आहेत. दिवस बुडताना किंवा उजाडायच्या आधी येतात. वाड्याशी लांडगा आला की कुत्री सोडायची, पलिता दाखवायचा, बोंबलायचं. तो पळतो. पण उपाशी लांडगा घरी जात नाही, तो पुढच्या वाड्याकडे वळतो. तुम्ही आपली मेंढरं वाचवली म्हणजे शेजाऱ्याची पुढं केली, हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि त्यात कुणी पाप मानत नाही. आपलं जनावर वाचवायलाच हवं. पण एक नियम आहे. लांडगा हाकलला की त्याच दमात पुढच्या वाड्याला हाळी द्यायची, ‘तुमच्याकडं वळलाय वोऽऽ!’ घसा बसला असला तरी द्यायची, शेजाऱ्याशी बोलणं बंद असलं तरी द्यायची. जो हाळी देत नाही त्याच्या कातरणीला कुणी जात नाही. माझ्या सासऱ्यांच्या वेळी एक घर असं वाळीत पडलं होतं. शेवटी मेंढरं विकून गेले ते.

त्या बर्फातल्या बायांना हा नियम कसा माहीत असणार? आणि त्यांनी हाळी दिली असती तरी कुठल्या भाषेत? पण अध्यक्षाला माहीत होतं. लांडगा कुठं वळवला हे हाकलणाऱ्या बायांपेक्षा त्याला जास्त माहीत होतं. तो चहा पाजून फोटो काढून घेत होता.

मग चैत्र आला, कातरी निघाल्या, मेंढरं धुऊन झाली. पहिला दिवस आमच्या वाड्याचा. बाभळींच्या सावलीत गडी रांगेनं बसले होते, कातरींचा कचकच आवाज चालू होता. मुक्ता पाय धरायला होती. उन्हं चढली तशी कोंडाबाई ओच्यात साखर घेऊन आली. एकेकाच्या हातावर चिमूट चिमूट ठेवत चालली.

‘काय गं, कशाची?’ मी विचारलं.

‘गोविंदाचं बी ठरलं, मोठीमाय! त्योच मानूस हाय जिंतूरचा. पन ह्याला कारखान्यात काम हाय, राखनीत न्हाई. परवा निघायलाय.’ मग ती मुक्ताकडे वळली. ‘घे गं मुक्ता, त्वांड ग्वाड कर. आन तुज्या सुदामाचा फोन लागला की सांग त्याला, भाऊ यायलाय म्हनावं. नदर ठेव म्हनावं त्याच्यावर.’

मुक्तानं हात पुढं केला. साखर हातावर घेतली. तोंडात टाकली नाही.

मी तिच्याकडे पाहत होते आणि मला कळत होतं की तिच्यापुढं काय येऊन पडलं आहे. गोविंद बिनधास्त निघाला होता, कारण सुदाम बरा आहे असं सगळ्या माळाला माहीत होतं. ते कुणी सांगितलं? हिनंच. ते एक खोटं होतं, पण त्याच्यावर ती रोज उठत होती, भाकरी करत होती, निजत होती. ते तोंडानं मोडायचं म्हणजे आपल्या हातानं लेकाला मारायचं. पुरावा नाही, कागद नाही, कुणी सांगितलेलं नाही. आणि गप्प राहायचं तर कोंडाबाईचा पोरगा परवा गाडीत बसत होता. मी बोलू शकले असते. पण माझ्या बोलण्यानं गोविंद थांबला नसता. म्हातारी काहीही बोलते, म्हणाला असता. आईचंच बोलणं चालणार होतं.

ती उठली. साखर तशीच मुठीत. गोविंद मेंढीवर वाकून कातर चालवत होता, त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

‘गोविंदा, जाऊ नगं.’

‘काहून काकू?’ तो हसला. ‘सुदामदादा हाय की तितं.’

‘न्हाई. सुदाम मेला.’

कातरी एकेक करून थांबल्या. गोविंदाच्या हातून मेंढी सुटली. अर्धी कातरलेली, एक अंग उघडं आणि दुसऱ्या अंगाला लोकर लोंबतेय, अशी ती माणसांतून धावत सुटली. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

कोंडाबाईचा ओचा सुटला. ‘काय बोलायलीस? कालपस्तोर बरा हाय म्हनत हुतीस न्हवं? आन आज माज्या पोराचं नशीब उघडलं तर आडवी यायलीस व्हय गं? तुजं गेलं म्हनून माजं बी जाऊ नये?’

‘व्हय आक्का. लबाड बोलले कालपस्तोर. रोज लबाड बोलले.’ मुक्ताचा आवाज चढला नव्हता. ‘त्याला फुडं घातलं. त्यो परत आला न्हाई. त्याचं सामान दुसऱ्यापशी पडलंय. कारखाना न्हाई तितं, खड्डा हाय. लांडगा तुज्या वाड्याकडं वळलाय, आक्का. मी हाळी द्यायलेय. शिव्या दे मला, पन पोरगं आत घे.’

बोलून ती तिथंच खाली बसली. आधी नामदेव रडला. बाप्यासारखा नव्हे, लहान लेकरासारखा, तोंड उघडं टाकून. मी त्याला जवळ घेतलं नाही. मला तेव्हा मुक्ताजवळ बसायचं होतं.

गोविंद गेला नाही. आता पुण्याकडे कुठल्याशा कारखान्यात आहे. त्यालाही अजून पोरगी मिळालेली नाही, ती गोष्ट वेगळी. कोंडाबाई दोन दिवस आमच्याकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी आणि पिठलं घेऊन आली, दुःखाच्या घरी आणतात तसं. मुक्तापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, ‘माज्याच्यानं न्हाई झालं आस्तं.’ तिच्या तोंडून इतकं छोटं वाक्य मी आजवर ऐकलं नव्हतं.

अध्यक्ष अजून खुर्चीत आहे. युद्ध चालू आहे, कधी थांबल्यासारखं करतं, परत चालू होतं. नामदेव आता बातम्या लावत नाही. दुसऱ्या कुणाच्या फोनवर तो माणूस दिसला की उठून मेंढरांकडे जातो. माझ्या मनात मात्र एक येतं. त्या माणसाकडे सगळी खबर असणार. कोण कुठं पडला, कुणाचं सामान कुणापाशी आहे. तो बोलत नाही. त्याला कुणाला हाळी द्यायची नाही. आमच्या मुक्ताकडे काहीच खबर नव्हती, आणि ती बोलली. त्या बर्फातल्या बायांवरही मी चिडून पाहिलं, चिडता आलं नाही. त्यांतली एखादी आज घरात लेकाला वाढत असेल. खाऊ दे त्याला.

मेल्याची तिथी कुठली धरायची, असा प्रश्न आला होता. भटजी विचारत होते, अंदाजे तरी सांगा. हुरड्याच्या दिवसांतली कुठली तरी, नामदेव म्हणाला. मुक्ता आतून म्हणाली, ‘मी बोलले त्यो दिस धरा. त्याच्या आधी त्यो माज्यासाठी जित्ता हुता.’ भटजींना ते पटलं नाही, पण दुसरा दिवस कुणाकडे नव्हता. देह नव्हता, म्हणून दर्भाचं माणूस केलं. वीतभर. सुदाम नामदेवपेक्षा उंच होता.

दहाव्याला पूर्णेच्या काठावर गेलो. आमच्यात बाया जात नाहीत, पण मुक्ता निघाली आणि तिला कुणी अडवलं नाही. नामदेवनं डोकं भादरलं होतं, त्याचे कान मोठे दिसत होते. दगडावर भाताचा पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. अशा वेळी कावळा लवकर शिवत नाही, माणसं तासंतास हात जोडून बसतात, याचं राहिलं, त्याचं राहिलं म्हणतात. गेलेल्याचा जीव कशात अडकला आहे, ते विचारत बसतात. मला वाटलं होतं, याचा तर कशाकशात अडकला असेल.

कावळा लगेच आला. उतरला, पिंडाला चोच लावली. सगळ्यांनी सुस्कारा टाकला. कुणीतरी म्हणालं, सुटला पोरगा.

मुक्तानं वाकून काठावरचं ढेकूळ उचललं आणि कावळ्याला मारलं.

‘त्यो मेला म्हनून तुला कुनी सांगितलं?’ ती त्याला म्हणाली. ‘तुला कुनी सांगितलं रे?’